वहीत न आलेली टिप: ब्यूटी स्कूलच्या प्रमाणपत्राची किंमत मोजताना

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने एक यादी जाहीर केली. सरकारी कर्जाच्या आधाराने चालणारे आठशेहून जास्त व्यवसाय-अभ्यासक्रम त्यात नापास ठरले होते आणि त्यांतले ९८ टक्के नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी संस्थांचे होते. कसोटी ऐकायला सोपी होती: कोर्स पुरा केलेल्यांवर कर्ज किती, कमाई किती आणि कमाईतला किती हिस्सा हप्त्यात जातो. यादीत आलेल्यांमध्ये केस कापायला, रंगवायला, नखं आणि त्वचा सांभाळायला शिकवणाऱ्या शाळाही होत्या. त्यांनी लगेच हरकत घेतली. आमच्या मुली कमावतात, पण त्यांची बरीच कमाई टिपमध्ये होते आणि ती टिप करखात्याच्या कागदावर येत नाही, मग तुमच्या आकड्यात ती दिसणार कुठून, असं त्यांचं म्हणणं.

हे प्रकरण मला फार बोलकं वाटतं. काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर हातात पडणाऱ्या प्रमाणपत्राची बाजारातली किंमत मोजताना जे जे घोळ होऊ शकतात, ते जवळपास सगळे या एका धंद्यात सापडतात. आणि भांडण ज्या मुद्द्यावर पेटलं, तो मुद्दा त्यांतला सगळ्यात मोठा नव्हता.

आधी मागचं थोडं सांगायला हवं. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात एक शब्दप्रयोग आहे. पदवी न देणाऱ्या अभ्यासक्रमांना आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांच्या जवळपास सगळ्याच अभ्यासक्रमांना सरकारी विद्यार्थी-मदत हवी असेल, तर त्यांनी विद्यार्थ्याला ‘अर्थार्जनाच्या नोकरी’साठी तयार केलं पाहिजे. म्हणजे नेमकं काय, हे चाळीस-पंचेचाळीस वर्षं कुणी आकड्यांत सांगितलं नाही. संस्था स्वतःच ‘आमचे इतके टक्के विद्यार्थी नोकरीला लागले’ असं छापत राहिल्या. त्या टक्क्यांचं काय होतं, हे २०१५ मध्ये कोरिंथियन या मोठ्या शिक्षणकंपनीच्या प्रकरणात उघड झालं. तिच्या हील्ड कॉलेजने नोकरीच्या टक्केवारीत शेकडो ठिकाणी चुकीची माहिती दिल्याचं खात्याला आढळलं आणि जवळजवळ तीन कोटी डॉलरचा दंड लावण्यात आला. पदवीधरांना चार दिवस कामावर ठेवून घ्यावं म्हणून तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या एजन्सींना पैसे दिले गेल्याचंही पुढे आलं. दोन दिवसांचं काम हीसुद्धा नोकरीच की! ‘लागला’ या शब्दाची व्याख्या संस्थेच्या हातात दिली की असंच व्हायचं.

म्हणून खात्याने संस्थेची वही बाजूला ठेवून सामाजिक सुरक्षा प्रशासनाची वही उघडली. पगारातून आणि स्वयंरोजगारातून कर भरताना जी कमाई नोंदली जाते, ती तिथे असते. २०११ साली आलेला पहिला नियम २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात अडकला. कर्जफेडीच्या एका कसोटीत ३५ टक्के ही रेघ खात्याने का मारली, याचं पटण्यासारखं कारण त्याला देता आलं नाही. साधारण एक चतुर्थांश अभ्यासक्रम नापास होतील अशा बेताने रेघ मारली, एवढंच कारण पुढे आलं. न्यायाधीश रुडॉल्फ कॉन्ट्रेरास यांना ते पुरेसं वाटलं नाही. २०१४ मध्ये दुसरा नियम आला आणि जानेवारी २०१७ ची यादी त्याच्यावरून निघाली.

त्या नियमाचं गणित असं. कोर्स पुरा केलेल्या, सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचं मध्यक कर्ज घ्यायचं, म्हणजे सगळ्यांना कर्जाच्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मधे येईल त्याचं. प्रमाणपत्राच्या कोर्ससाठी ते दहा वर्षांत फेडायचं धरून वर्षाचा हप्ता काढायचा. हप्ता वर्षाच्या कमाईच्या ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पास. किंवा दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम कमाईतून वजा करून जे उरतं, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत असेल तरी पास. पहिलं प्रमाण १२ टक्क्यांच्या आणि दुसरं ३० टक्क्यांच्या वर गेलं की नापास. मधले सगळे टांगणीवर. तीन वर्षांत दोनदा नापास झाला की त्या कोर्सची सरकारी मदत बंद. ८ टक्के हा आकडा घरकर्जाच्या व्यवहारातून उचललेला आहे. घराचा हप्ता आणि एकूण कर्जाचे हप्ते यांच्या ज्या मर्यादा बँका धरतात, त्यांच्यातलं अंतर. आकडा देवाने दिलेला नाही, पण निदान तो कुठून आला हे तरी सांगता येतं.

आता टिपकडे वळू.

कायद्याने पाहिलं तर महिन्यात २० डॉलर किंवा जास्त टिप मिळाली की कर्मचाऱ्याने ती मालकाला कळवायची असते. प्रत्यक्षात रोख टिप खिशात जाते. त्यात या धंद्यातल्या अनेक जणी कुणाच्या नोकरीत नसतातच, त्या सलूनमधली खुर्ची भाड्याने घेतात आणि स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः सांभाळतात. त्यांची कमाई कळते ती त्यांनी स्वतः भरलेल्या विवरणपत्रातून. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांमध्ये अल्पकालीन कोर्सचा परिणाम मोजायला बेरोजगार विम्याच्या नोंदी वापरतात, कारण मालकाने दर तिमाहीला भरलेले पगाराचे आकडे तिथे तयार मिळतात. पण खुर्ची भाड्याने घेणारी बाई त्या वहीत दिसतच नाही. तिची कमाई तिथे शून्य. दुसऱ्या राज्यात नोकरीला गेलेलीही शून्य. संघराज्य सरकारची वही वापरली तर निदान हे दोन प्रकारचे शून्य टळतात. शाळांच्या ओरडण्यात हे कुणी बोललं नाही, पण खात्याने दोन वह्यांतली त्यातल्या त्यात बरी वहीच निवडली होती.

सौंदर्यशाळांच्या संघटनेने तरीही दावा लावला. जून २०१७ मध्ये निकाल दिला तो त्याच न्यायाधीश कॉन्ट्रेरास यांनी. नियम त्यांनी मोडीत काढला नाही, पण अपिलाची वाट फार अरुंद आहे, असं म्हटलं. सरकारी आकडा चुकीचा वाटला तर शाळेने आपल्या माजी विद्यार्थिनींचं सर्वेक्षण करून दाखवायचं आणि त्याला निम्म्या जणींनी तरी उत्तर दिलं पाहिजे, अशी अट होती. काही वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या बाईला ‘तू करखात्याला न सांगितलेली कमाई किती?’ असं विचारायचं आणि निम्म्या जणींकडून लेखी उत्तर मिळवायचं. कोण देईल? संघटनेच्या सदस्यांपुरती ती अट सैल झाली.

निकालातला तर्क पटण्यासारखा आहे. तरी शाळांचा युक्तिवाद नीट उलगडून पाहिला की हसू येतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या विद्यार्थिनी सरकारपासून कमाई लपवतात, म्हणून सरकारने आम्हाला पैसे देत राहावं. शिवाय लपलेला डॉलर आणि नोंदलेला डॉलर हातात सारखेच दिसले, तरी किमतीने सारखे नसतात. म्हातारपणी मिळणारी सामाजिक सुरक्षेची रक्कम नोंदलेल्या कमाईवर ठरते. घरकर्ज मागायला गेलं की बँक नोंदलेलंच पाहते. उलट कमाईच्या प्रमाणात हप्ता ठरवणाऱ्या योजनेत कमी कमाई दाखवली की हप्ता कमी होतो आणि फरक शेवटी सरकार सोसतं.

बरं, लपलेली कमाई किती असेल? २०२२ साली स्टेफनी सेलिनी आणि कॅथरीन ब्लँचर्ड या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांचा अंदाज आला कमाईच्या साधारण ८ टक्क्यांचा.

या ८ टक्क्यांनी कोण वाचतं, हे कागदावर करून पाहण्यासारखं आहे. समजा मध्यक कर्ज १०,००० डॉलर आहे, व्याज ५ टक्के, दहा वर्षांची फेड. वर्षाचा हप्ता येतो सुमारे १,२७३ डॉलर. नोंदलेली कमाई १५,००० असेल, तर हप्ता ८.५ टक्के होतो. थोडक्यात हुकलं, कोर्स टांगणीवर. त्यात ८ टक्के टिप मिळवली की कमाई १६,२०० होते, हप्ता ७.९ टक्क्यांच्या खाली येतो आणि कोर्स पास. या शाळेची तक्रार अगदी रास्त. आता कमाई १०,००० धरा. हप्ता १२.७ टक्के. दीडपट दारिद्र्यरेषा त्या काळात एकट्या माणसाला १७,००० डॉलरच्या वर होती, तेव्हा दुसऱ्या कसोटीत वजाबाकी करून काही उरतच नाही. कोर्स नापास. ८ टक्के मिळवले तर हप्ता ११.८ टक्क्यांवर येतो. शाळा नापासाच्या यादीतून सुटते, पण टांगणीवरच राहते. तिला सरळ पास व्हायचं असेल तर कमाई १५,९०० च्या वर हवी. म्हणजे नोंदलेल्या प्रत्येक १०० डॉलरमागे ५९ डॉलर लपलेले असले पाहिजेत. रेघेला टेकलेल्यांना टिप वाचवते, रेघेपासून लांब असलेल्यांना नाही. दाव्यात मात्र सगळे एकाच रांगेत उभे होते.

इथवर सगळी चर्चा कमाईच्या बाजूची झाली. कर्जाच्या बाजूकडे फारसं कुणी पाहिलं नाही आणि माझ्या मते खरा मामला तिथेच आहे.

अमेरिकेत हे काम करायला राज्याचा परवाना लागतो. परवान्याच्या परीक्षेला बसायला ठरावीक तास प्रशिक्षण लागतं आणि ते तास राज्यागणिक वेगळे. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १,००० तास. टेक्ससमध्ये २०२१ पर्यंत १,५००, मग १,०००. आयोवामध्ये कित्येक वर्षं २,१००, जे २०२३ मध्ये खाली आले. आयोवातल्या लोकांचे केस न्यूयॉर्ककरांच्या दुप्पट अवघड नसावेत! पण तास वाढले की फी वाढते, फी वाढली की कर्ज वाढतं आणि कसोटीत शाळा नापास होते. तास आम्ही ठरवत नाही, असं शाळा म्हणू शकते, आणि ते खरंही आहे. मग मोजमाप नक्की कुणाचं झालं, शाळेचं की राज्याच्या नियमाचं?

शिवाय त्या तासांची एक किंमत कुठल्याच रकान्यात येत नाही. १,५०० तास म्हणजे आठवड्याला चाळीस धरले तरी सदतीस-अडतीस आठवडे. त्या वेळात बाई दुसरं कुठलंही काम करून संघराज्याच्या किमान वेतनाने, ताशी ७.२५ डॉलरने, १०,८७५ डॉलर मिळवू शकली असती. वरच्या उदाहरणातलं कर्ज आणि ही बुडालेली मजुरी जवळपास सारखीच आहे. त्यातल्या बऱ्याच तासांमध्ये ती शाळेच्याच सलूनमध्ये खऱ्या गिऱ्हाइकांची कामं करते. गिऱ्हाइकाचे पैसे शाळेला जातात, तास तिच्या नावावर लागतात.

यात सेलिनी यांनी अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांच्याबरोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकारी मदतीला पात्र असलेल्या आणि नसलेल्या, पण बाकी तुल्य, अशा नफा-संस्थांची फी त्यांनी पडताळली. पात्र संस्थांची फी सुमारे ७८ टक्के जास्त निघाली. म्हणजे बाहेर मिळणारं कौशल्य तेच आणि किमतीत एवढी तफावत. प्रमाणपत्राची बाजारातली किंमत काढताना आपण नेहमी पगाराकडे धावतो. इथे पगार जिथे होता तिथेच ठेवून फक्त फी उतरवली असती, तरी कितीतरी शाळा पास झाल्या असत्या.

आता ज्या मुद्द्याला कोर्टात कुणी हात लावला नाही, तो. हप्ता आणि कमाईचं प्रमाण काढलं की एक प्रश्न सुटतो: हिला कर्ज झेपेल का? कोर्समुळे तिची कमाई वाढली का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी ती कोर्सला गेली नसती तर काय कमावलं असतं, हे कळायला हवं, आणि ते कुठल्याच वहीत नसतं.

कोर्सआधीची कमाई आणि नंतरची कमाई ताडून बघावी, असं पटकन सुचतं. त्यातली मेख अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्येच दाखवली. १९६४ साली सरकारी प्रशिक्षण घेतलेल्यांची जुनी कमाई त्यांनी तपासली, तेव्हा प्रशिक्षणाच्या आदल्या वर्षी ती खाली घसरलेली दिसली. साहजिक आहे. नोकरी गेली, तास कमी झाले, घरात काही अडचण आली, की माणूस कोर्सकडे वळतो. त्या खड्ड्यापासून मोजायला सुरुवात केली तर पुढची कुठलीही चढण कोर्सची कमाल वाटते, मग माणूस आपोआप पूर्वीच्या पातळीवर आला असता तरी.

सेलिनी आणि निकोलस टर्नर यांनी म्हणून जोड्या लावल्या. शिक्षण खात्याच्या आणि करखात्याच्या नोंदींवरून दहा लाखांहून जास्त विद्यार्थी घेऊन, नफा-संस्थांत प्रमाणपत्र करणाऱ्यांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण सार्वजनिक संस्थांत गेलेल्यांशी केली. नफा-संस्थांतल्यांना काम असण्याची शक्यता दीड टक्काबिंदूने कमी निघाली आणि काम असलेल्यांची कमाई ११ टक्के कमी. इथे टिपचा मुद्दा बराचसा गळून पडतो, कारण तुलना एकाच प्रकारच्या कोर्समध्ये होते आणि टिप लपवायची सवय शाळेची मालकी बघून बदलत नाही. हिशेबाची वही सदोष असली, तरी दोन्ही बाजूंना सारखीच सदोष असेल, तर फरक बऱ्यापैकी विश्वासाने काढता येतो. टिपवरचा हा उपाय कोर्टात कुणालाच सुचला नाही. तो तिथे सुचायचंही कारण नव्हतं म्हणा, कारण नियम फरक विचारतच नव्हता.

तुलनेची चूक उलट्या दिशेनेही होऊ शकते. २०२३ च्या नव्या नियमात दुसरी एक कसोटी आली: कोर्स पुरा केलेल्यांची मध्यक कमाई ही त्या राज्यातल्या फक्त शालान्त झालेल्या, २५ ते ३४ वयाच्या, काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांच्या मध्यकाहून जास्त हवी. बरोबरीला माणसं घेतली हे चांगलं झालं. पण कोणती माणसं? शालान्त लोकांमध्ये ट्रक चालवणारे आणि बांधकामावरचे पुरुषही येतात. ब्यूटी स्कूलच्या बाकावर बहुतेक बायका असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणी मुलं सांभाळत अर्धवेळ काम करतात. करखात्याच्या नोंदीत वर्षाची रक्कम असते, तास नसतात. आठवड्याला वीस तास काम करून ताशी चांगले पैसे मिळवणारी बाई तिथे अपयशी दिसते. कर्जाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण हप्ता तासावर आकारत नाहीत. कौशल्याच्या दृष्टीने ते चूक आहे. एकच आकडा या दोन्ही कामांना जुंपला की तो दोन्हीकडे अडखळतो.

आणि ज्यांनी कोर्स मधेच सोडला? २०१४ च्या गणितात त्या नव्हत्याच. कर्ज आहे, परवाना नाही, अशी सगळ्यात वाईट अवस्था ज्यांची, त्या मोजणीबाहेर.

२०१४ चा नियम २०१९ मध्ये रद्द झाला, २०२३ मध्ये दुसऱ्या रूपात परतला. २०२५ च्या जुलैमधल्या मोठ्या अर्थसंकल्पी कायद्याने तर पेल ही सरकारी शिष्यवृत्ती आठ ते पंधरा आठवड्यांच्या, १५० ते ५९९ तासांच्या कोर्सनाही खुली केली, लागू तारीख १ जुलै २०२६. अटी कडक दिसतात: ७० टक्के विद्यार्थ्यांनी कोर्स पुरा करायचा, ७० टक्के नोकरीला लागायचे आणि फी ‘वाढीव कमाई’पेक्षा जास्त नको. मी ‘वाढीव’ची व्याख्या मुद्दाम वाचली. कोर्स केलेल्यांच्या मध्यक कमाईतून दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम वजा करायची, झाली वाढ. कोर्स न केलेला माणूस त्यात कुठेच नाही. ज्याची कमाई आधीच बरी होती त्याला भरती करून घ्या, आठ आठवडे बसवा, वाढीव कमाई तुमच्या खात्यावर. ‘नोकरीला लागायचे’ हेही परत आलंच आहे.

त्याच कायद्यात टिपवर प्राप्तिकराची सूट आहे. २०२५ ते २०२८ या वर्षांत, वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत. पात्र धंद्यांत केशभूषा आणि सौंदर्याची कामं येतात. सामाजिक सुरक्षेचा कर मात्र लागतोच आणि सूट हवी तर टिप आधी नोंदवावी लागते. म्हणजे आजवर खिशात राहिलेली रोकड आता वहीत यायला थोडंफार कारण मिळालं. पुढच्या काही वर्षांत सौंदर्यशाळांच्या माजी विद्यार्थिनींची कमाई वाढलेली दिसली, तर शाळा ती जाहिरातीत छापतील. तेव्हा कुणीतरी २०२४ पर्यंतची आणि त्यानंतरची नोंद शेजारी ठेवून, टिप न मिळणाऱ्या एखाद्या कोर्सशी ताडून, विचारायला हवं की यातली किती वाढ केस कापून आली आणि किती फॉर्मच्या नव्या रकान्यातून.